हा पोरगा कोण? शेवटच्या क्षणी टीममध्ये आलेल्या खेळाडूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला आलेली मराठी मुलं पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या फुटबॉलकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि तिसऱ्या वर्षी शनिवार उजाडला की टीमचा शर्ट घालून बसतात. एकदा ही बाधा झाली की मोसम संपल्यावरही सुटका नसते, कारण मग पुढच्या वर्षीच्या भरतीची चर्चा सुरू होते. त्या यादीत दरवर्षी एक तरी नाव असं असतं, जे आधी कुणाच्याच तोंडी नव्हतं. त्या नावाभोवती फिरणारे प्रश्न इथे घेतले आहेत. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला.

ही भरती असते तरी काय?

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातला खेळाडू एखाद्या विद्यापीठाशी लेखी करार करतो: मी तुमच्याकडे खेळेन, तुम्ही मला शिष्यवृत्ती द्याल. देशभरात हायस्कूलमध्ये सुमारे १० लाख मुलं फुटबॉल खेळतात. वरच्या श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये, विद्यापीठं आहेत १३० हून थोडी जास्त. बाकी गणित तुम्हीच करा. कोच मंडळी या मुलांच्या मागे दोन-दोन, तीन-तीन वर्षं असतात. ज्याच्या मागे वीस विद्यापीठं लागली, त्याचं नाव चाहत्यांना दहावी-अकरावीपासून पाठ असतं.

‘उशिरा’ म्हणजे कधी?

पूर्वी सह्यांचा दिवस एकच होता, फेब्रुवारीतला पहिला बुधवार. डिसेंबर २०१७ पासून त्याआधी एक लवकरची खिडकी उघडली आणि दोन-तीन वर्षांतच बहुतेक मुलं तिथेच सही करून मोकळी होऊ लागली. २०२४ पासून ही खिडकी आणखी अलीकडे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. त्यामुळे फेब्रुवारीचा बुधवार, जो एके काळी टीव्हीवर दिवसभर चालायचा, तो आता उरल्यासुरल्यांचा दिवस झाला आहे. डिसेंबरात ज्यांचा निर्णय झाला नाही, ज्यांना हवी ती ऑफर आली नाही किंवा जिची वाट पाहत होते ती ऐनवेळी मागे घेतली गेली, अशी मुलं तिथे असतात. काही जण तर त्याहूनही पुढे, मार्च-एप्रिलमध्ये येतात. टीमच्या घोषणेत त्यांचं नाव दोन ओळींत उरकलेलं असतं.

फारसं कुणी विचारलं नव्हतं, हे आपल्याला कुठून कळतं?

ऑफरच्या यादीवरून. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याला कोणकोणत्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊ केली, ते छापलेलं असतं. चाहते आधी तेच बघतात. अलाबामा, ओहायो स्टेट, जॉर्जिया अशी नावं दिसली की पोरगा भारी. खालच्या श्रेणीतली दोन-तीन नावं दिसली की चेहरे पडतात.

पण ही यादी बहुतेक वेळा खेळाडूने स्वतः सांगितलेली असते. शिवाय ‘ऑफर’ आणि ‘आज हो म्हटलंस तर घेऊ’ यांत फार अंतर आहे. मोठी विद्यापीठं एकेका मोसमात शेकडो ऑफर वाटतात आणि घेतात वीस-पंचवीस. त्यातली कितीतरी आमंत्रणं म्हणजे ‘आमच्या शिबिराला ये, मग बघू’ एवढीच असतात. वीस ऑफर असलेल्या मुलाकडे खऱ्या अर्थाने हो म्हणण्याजोग्या चारच असू शकतात. उलट, ज्याने अकरावीतच एका ठिकाणी शब्द दिला आणि दीड वर्ष पाळला, त्याला बाकीचे कोच विचारायचेच थांबतात. त्याची यादी आखूड राहते, ती त्याच्या सच्चेपणामुळे. तेव्हा यादी बघा जरूर, पण तिला निकालपत्रक समजू नका.

इतक्या टीम, इतके कोच, इतके व्हिडिओ. तरी चांगला खेळाडू नजरेतून सुटतोच कसा?

सुटतो. आणि सुटण्याची कारणं बरीचशी साधी असतात.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण जोश अ‍ॅलनचं. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतलं फायरबॉ हे शेतीचं छोटं गाव. अ‍ॅलनच्या घरचीही शेतीच. हायस्कूल संपताना तो उंच पण किरकोळ अंगाचा होता. उन्हाळ्यात क्वार्टरबॅक मुलं, म्हणजे चेंडू फेकून टीमचा हल्ला चालवणारी, देशभरच्या शिबिरांना जातात, तेव्हा हा बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळत होता. वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. जवळचं फ्रेस्नो स्टेट त्याला हवं होतं, त्यांनीही नाही. म्हणून तो रीडली कॉलेज या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात गेला. तिथे अंग भरलं, उंची वाढली, एक चांगला मोसम झाला. मग त्याने देशभरातल्या एफबीएस टीमच्या कोचना आपल्या व्हिडिओसह ईमेल पाठवायचा सपाटा लावला. उत्तरं आली ती बोटांवर मोजण्याइतकी. ऑफर दोनच: ईस्टर्न मिशिगन आणि वायोमिंग. त्यातही तो वायोमिंगला भेट देऊन आला म्हटल्यावर ईस्टर्न मिशिगनने आपली मागे घेतली. राहिलं एक.

आता वायोमिंग काय आहे तेही पाहा. सहा लाखांहून कमी वस्तीचं राज्य. लॅरमी या गावातलं त्यांचं वॉर मेमोरियल स्टेडियम ७,२२० फुटांवर आहे, एफबीएसमध्ये सर्वांत उंच. नोव्हेंबरात तिथे बर्फ आणि वारा. वरच्या दर्जाचा क्वार्टरबॅक आपण होऊन तिथे जात नाही, म्हणून त्या कोचना इतरांनी न बघितलेल्या कोपऱ्यांत बघावंच लागतं. मुख्य कोच क्रेग बोल आणि त्यांचे सहकारी नॉर्थ डकोटा स्टेटमधून आले होते, जिथे त्यांनी कार्सन वेन्ट्झसारखा दुर्लक्षित क्वार्टरबॅक घेतला होता. असे डोळे असलेला एक कोच आणि ज्याच्यापुढे दुसरा दरवाजा नाही असा एक मुलगा, यांची गाठ पडली.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सातव्या क्रमांकावर बफेलो बिल्स, २०२४ च्या मोसमात एनएफएलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू. कमी सांगितली जाणारी गोष्ट मधली आहे. २०१५ मध्ये वायोमिंगसाठी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळताना त्याचं कॉलरबोन मोडलं आणि मोसम तिथेच संपला. गंमत म्हणजे समोर ईस्टर्न मिशिगनच होतं. टीमने त्या वर्षी १२ पैकी २ सामने जिंकले. ज्या चाहत्यांनी ‘हा कोण आणलाय?’ म्हटलं असेल, त्यांना वर्षभर आपलंच खरं वाटलं असणार. पुढच्या वर्षी ८ विजय आणि परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत मजल.

बाकीची कारणं थोडक्यात. अकरावीत दुखापत, आणि अकरावी हेच तर कोच बघतात ते वर्ष. उशिरा आलेली उंची. जागा बदलणं: क्वार्टरबॅक म्हणून खेळणारा मुलगा प्रत्यक्षात चांगला सेफ्टी (मागचा बचावपटू) किंवा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) असतो, पण व्हिडिओ सगळा क्वार्टरबॅकचा. गुणपत्रक उशिरा पक्कं होणं. कुस्ती किंवा बास्केटबॉल आधी आणि फुटबॉल नंतर, असा क्रम. आणि विमानतळापासून चार तासांवरचं गाव. हे कारण कोच कधीच कबूल करत नाहीत.

एक वेगळीच जात आहे ती पंटरची, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारणाऱ्याची. यादीत अचानक एखादा विशीतला ऑस्ट्रेलियन दिसतो, ज्याने अमेरिकेत हायस्कूलचा एकही सामना खेळलेला नाही. घाबरू नका. मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलिया या संस्थेतून असे बरेच जण येतात. २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षं सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार ऑस्ट्रेलियन मुलांनी नेला आहे.

ठीक आहे, मुलाची बाजू कळली. पण आपल्या कोचने इतक्या उशिरा त्याला का घेतलं? दुसरा कुणी मिळाला नाही म्हणूनच ना?

बऱ्याचदा हो. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

जागा रिकामी होते. ज्याने शब्द दिला होता, तो सह्यांच्या दिवशी दुसरीकडे वळतो. एखादा जुना खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे टीम बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, निघून जातो. मोसम संपताच मुख्य कोचची हकालपट्टी होते, नवा येतो आणि त्याला दहा-बारा दिवसांत यादी भरायची असते. मग तो आपल्या आधीच्या विद्यापीठात हेरून ठेवलेली मुलं सोबत आणतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या संपल्यावर शेवटी कॉलेज पातळीवर ज्या जागा भरतात, तिथे आलेला प्रत्येक जण काही ढ नसतो. कुणाचा दाखला उशिरा मिळालेला असतो, कुणाला वरच्याने जागा सोडल्याने संधी मिळालेली असते. इथेही तसंच.

जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. ब्लॅकशीअर या जॉर्जियातल्याच गावचा, सहा फुटांहूनही कमी उंचीचा क्वार्टरबॅक. २०१७ मध्ये शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये आला. संधी दिसेना म्हणून मिसिसिपीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात गेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो लुईझियानाच्या लफायेट इथल्या विद्यापीठाशी सही करण्याच्या बेतात होता. त्याच सुमारास जॉर्जियाचा पंचतारांकित (भरतीच्या मानांकनात सर्वांत वरचा) क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स बाहेर पडणार हे दिसू लागलं आणि जॉर्जियाला राखीव क्वार्टरबॅक हवा झाला. त्यांनी ऐनवेळी शिष्यवृत्ती देऊ केली. म्हणजे त्याला घेतलं ते बाकावर बसवायलाच. त्याने जॉर्जियाला २०२१ आणि २०२२ च्या मोसमांची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्याआधीचं त्यांचं शेवटचं विजेतेपद १९८० चं होतं.

चाहत्यांसाठी या गोष्टीत थोडा झणझणीत भागही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया अलाबामाकडून ४१-२४ असं हरलं, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांतला मोठा गट बेनेटला बाहेर बसवा म्हणून ओरडत होता. महिन्याभरात, १० जानेवारी २०२२ ला, त्याच अलाबामाला ३३-१८ ने हरवून तो विजेता झाला. स्वागत एकदाच करून भागत नाही, एवढं तरी यातून दिसतं.

मग ते तारे खोटेच म्हणायचे?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत जास्त पसरलेला आहे आणि त्याचा मला कंटाळा आला आहे.

खेळाडूंना दोन ते पाच तारे देणारी मंडळी आपलं काम बऱ्यापैकी चोख करतात. पंचतारांकित मुलं दरवर्षी तीसेक असतात आणि त्यांच्यापैकी एनएफएलपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. ‘एनएफएलमध्ये बघा, निम्म्याहून जास्त तर तीन किंवा त्याहून कमी ताऱ्यांचे आहेत’ असं कुणी म्हणालं, तर वाक्य बरोबर आणि निष्कर्ष चूक. कमी ताऱ्यांची मुलं हजारोंनी असतात. त्यातून थोडी निघाली तरी संख्या मोठी दिसणारच. एकट्या मुलाची शक्यता त्याने वाढत नाही.

टीमच्या पातळीवर हेच ‘ब्लू-चिप रेशो’ नावाच्या ठोकताळ्यात मांडलं जातं. चार वर्षांच्या भरतीत चार-पाच ताऱ्यांची मुलं निम्म्याहून जास्त असतील, तरच राष्ट्रीय विजेतेपद मिळतं, असा तो ठोकताळा. वर्षानुवर्षं तो खरा ठरत आला. २०२५ च्या मोसमात इंडियानाने तो मोडला. एकही सामना न हरता त्यांनी विजेतेपद घेतलं आणि त्यांचा क्वार्टरबॅक होता फर्नांडो मेंडोझा. मायामीचा हा मुलगा हायस्कूलमधून येल विद्यापीठाला शब्द देऊन बसला होता, म्हणजे मोठ्या फुटबॉलचा विचार जवळपास सोडलेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेच्या टीमने त्याला अगदी शेवटी घेतलं. तिथून तो इंडियानाला गेला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी घेऊन बसला.

एका ठोकताळ्याला एक अपवाद सापडला, इतकंच. तुमच्या टीमच्या २५ जणांत पाच पंचतारांकित असते, तर तुम्ही हा प्रश्न विचारत बसला नसता.

एक मात्र आहे. गेल्या काही वर्षांत कमी ऑफर असलेल्या मुलांकडे बघताना थोडी सूट द्यायला हवी. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा, एक वर्ष घरी न बसता, टीम बदलता येते. कोचला अठरा वर्षांच्या मुलाला तयार करण्यापेक्षा एकवीस वर्षांचा तयार खेळाडू आणणं सोपं वाटतं. म्हणजे हायस्कूलमधून घेतल्या जाणाऱ्या जागाच कमी झाल्या. दहा वर्षांपूर्वी ज्याला आठ ऑफर आल्या असत्या, त्याला आज दोन येतात.

म्हणजे आपल्या या नव्या पोराला ‘पुढचा जोश अ‍ॅलन’ म्हणू शकतो ना?

कृपा करा, नको.

त्याचा हायलाइट व्हिडिओ पाहिला. भन्नाट आहे! इतरांना दिसलं नाही का?

हायलाइटमध्ये सगळेच भन्नाट असतात. जवळजवळ प्रत्येक हायस्कूल आपले सामने हडल या व्हिडिओच्या संकेतस्थळावर चढवतं. नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या या कंपनीने भरतीचं कामच बदलून टाकलं. पण हायलाइट म्हणजे दहा सामन्यांतले उत्तम चार मिनिटं. ते बघताना मी काय बघतो ते सांगतो.

आधी समोरची टीम. टेक्साससारख्या राज्यात शाळांचे पटसंख्येनुसार १ए ते ६ए असे गट असतात. सर्वांत छोट्या गटात तर एका बाजूला सहाच खेळाडू असतात. छोट्या गटात ज्याला कुणी पकडू शकत नाही, तो मोठ्या गटात कसा दिसला असता, याचा अंदाज घ्यावा लागतो. उलटही खरं आहे: मोठ्या शाळेतला मुलगा फिका वाटतो, कारण समोरचे तिघे उद्या त्याच्याच श्रेणीत खेळणार असतात.

मग, चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो? रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) असेल तर धावण्याच्या डावात ब्लॉक करतो, म्हणजे समोरच्याला अडवतो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? ऑफेन्सिव्ह लाइनमन (पुढच्या रांगेत क्वार्टरबॅकला राखणारा) असेल तर समोरच्याला लोळवतो हे बघून खूश होऊ नका. हायस्कूलमध्ये १३० किलोचा मुलगा ८५ किलोच्या मुलाला लोळवणारच. त्याची पावलं बघा. मागे सरकताना गुडघे वाकलेले राहतात का, की कंबरेतून पुढे झुकतो?

वेगाबद्दल तर कुणाच्या शब्दावर विसंबू नका. ४० यार्डांचे हाताने मोजलेले आकडे बहुतेक वेळा उदार मनाने मोजलेले असतात. मुलगा ट्रॅकवर धावत असेल तर जिल्ह्याच्या स्पर्धेतली १०० मीटरची वेळ शोधा. ती विद्युत घड्याळावर मोजलेली असते. बास्केटबॉलचा व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं. ज्या जाड्या पोराला बास्केटबॉलच्या मैदानात चपळ फिरताना पाहिलं, तो लाइनवर सहसा फसवत नाही.

आणि पहिले तीन-चार डाव झाल्यावर व्हिडिओचा दर्जा उतरत जातो का, तेही बघा. चांगले डाव संपले की कळतंच.

स्वागत कसं करावं?

नाव नीट उच्चारून. सामोअन, नायजेरियन, पोलिश, कोणतंही आडनाव असो. ज्यांच्या ‘कुलकर्णी’चा आयुष्यभर चेंदामेंदा झाला आहे, त्यांनी तरी एवढं करावं.

बाकी सोपं आहे. त्याचं गाव, त्याची शाळा, त्याची जागा याविषयी काही माहीत करून घ्या आणि तेवढंच बोला. ‘आपल्याला तर अमुक हवा होता, तो गेला, आता हा’ ही तक्रार खरी असली तरी ती कोचच्या खात्यावर मांडा, मुलाच्या नाही. अठरा वर्षांची मुलं आपल्याबद्दल लिहिलेलं सगळं वाचतात. त्यांच्या आयाही वाचतात, आणि त्या विसरत नाहीत. ‘कमी ताऱ्यांचा असला तरी मेहनती दिसतो’ हे कौतुक वाटतं, पण ऐकणाऱ्याला तसं लागत नाही. ज्याला एकाच विद्यापीठाने विचारलं, त्याला ते पुन्हा सांगायची गरज नसते.

अति स्वागतही नको. वायफळ अपेक्षांचं ओझं नको म्हणून काही जुने चाहते एवढंच लिहितात: ‘आलास, बरं झालं. ऑगस्टमध्ये भेटू.’ मला हे सगळ्यांत आवडतं.

त्याला थेट मेसेज केला तर चालेल? घरी जेवायला बोलावू का? आमच्याकडे पुरणपोळीचा बेत आहे.

सही झाल्यावर अभिनंदनाचा एक सार्वजनिक संदेश, ठीक. सहीआधी मात्र खेळाडूच्या मागे लागून ‘आमच्याकडे ये’ म्हणणं टाळा; विद्यापीठं चाहत्यांना हे दरवर्षी विनवून सांगतात. भरतीचं काम कोचचं आहे आणि टीमला देणग्या देणाऱ्यांवर तर स्पष्ट बंधनं आहेत.

जेवण, भेटवस्तू, गाडीतून सोडणं, उन्हाळी नोकरी, राहायला खोली, यांपैकी काहीही देण्याआधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स कार्यालयाला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्यांना, फोन करा. तुमच्या मनात पाप नसलं तरी त्रास त्या मुलाला होतो. पुरणपोळी तूर्तास घरच्यांनीच खावी.

वॉक-ऑन आणि हा उशिरा आलेला, दोघं एकच का?

नाही. वॉक-ऑन शिष्यवृत्तीशिवाय येतो, फी स्वतः भरतो. काहींना कोचने आधीच जागेची खात्री दिलेली असते, काही नुसत्या चाचणीतून येतात. क्लेमसनचा हंटर रेनफ्रो असाच आला होता. ९ जानेवारी २०१७ च्या अंतिम सामन्यात एक सेकंद उरला असताना अलाबामाविरुद्धचा विजयी टचडाउन त्याने झेलला. बेकर मेफिल्ड तर दोन विद्यापीठांत वॉक-ऑन होता आणि २०१७ ची हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला.

ही वाट आता अरुंद झाली आहे. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या आणि वर हवे तितके वॉक-ऑन असा हिशेब होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांना टीममध्ये १०५ च खेळाडू ठेवता येतात. शिष्यवृत्त्या वाढवता येतील, पण गर्दीतून वर येण्याची ती जुनी मुभा गेली. माझ्या मते या सगळ्या बदलातला हा सर्वांत वाईट भाग आहे, आणि त्यावर बोलणारे सर्वांत कमी.

अशा मुलांना पैसे मिळतात का?

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येतात आणि २०२५-२६ पासून विद्यापीठं थेट वाटाही देऊ शकतात. त्या पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी सगळ्या खेळांची मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. उशिरा आलेल्या, कमी ऑफर असलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं सहसा फार येत नाही. शिष्यवृत्ती, राहणं, जेवण, पुस्तकं मात्र मिळतात, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेही पेढे वाटले जातात.

आपण त्याला शोधलं, घडवलं आणि तो दोन वर्षांत मोठ्या विद्यापीठात निघून गेला तर?

जाईल. चांगला निघाला तर जाण्याची शक्यता बरीच आहे. अ‍ॅलनच्या काळात एका एफबीएस टीममधून दुसरीत जायचं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे. म्हणून तो वायोमिंगला राहिला आणि वायोमिंगला त्याचं फळ मिळालं. मेंडोझाच्या काळात ते बंधन नव्हतं. बर्कलेच्या कोचनी शेवटच्या क्षणी हेरलेला मुलगा इंडियानाच्या लाल शर्टात विजेता झाला. लहान टीमच्या चाहत्यांना हे खुपतं, आणि खुपायलाच हवं. पण राग त्या मुलावर काढू नका. ज्याला एके काळी कुणी दार उघडलं नव्हतं, तो दहा दारं उघडी दिसल्यावर आत डोकावणारच. त्याचे कोच तरी कुठे थांबतात? मोठी नोकरी आली की डिसेंबरात सामान बांधून मोकळे.

आमचा मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये खेळतो. अकरावीत आहे, अजून एकही ऑफर नाही. काय करावं?

पहिलं काम अभ्यासाचं. डिव्हिजन १ साठी, म्हणजे सर्वांत वरच्या विभागासाठी, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी लागते, १६ ठरावीक विषय पूर्ण व्हावे लागतात आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. मराठी घरांत याची चिंता सहसा नसते, पण विषय कोणते मोजले जातात हे नववीतच तपासा.

दुसरं, मुलाला स्वतः ईमेल लिहू द्या. बाबांनी लिहिलेले ईमेल कोच लगेच ओळखतात. विषयाच्या ओळीत नाव, पदवीचं वर्ष, जागा, उंची, वजन. आत तीन वाक्यं आणि व्हिडिओची लिंक. पूर्ण सामन्याचा व्हिडिओही ठेवा.

तिसरं, जिथे तो खरोखर खेळू शकेल अशा विद्यापीठांच्या शिबिरांना पाठवा. नावाजलेल्या दहा ठिकाणी फी भरून टी-शर्ट जमवण्यात अर्थ नाही. एफसीएस (एफबीएसच्या खालची श्रेणी), डिव्हिजन २, डिव्हिजन ३ ही नावं घेताना तोंड वाकडं करू नका. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण उत्तम कॉलेजं आहेत आणि गुणांवर आर्थिक मदत मिळते. सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कूपर कप एफसीएसमधल्या ईस्टर्न वॉशिंग्टनचाच.

तो मैदानात कधी दिसेल?

काही मुलं हायस्कूल लवकर संपवून जानेवारीतच दाखल होतात. उशिरा सही केलेले बहुधा जूनमध्ये. ऑगस्टमध्ये सराव शिबिर. पहिल्या वर्षी त्याला शोधायचं असेल तर किक-ऑफ आणि पंटच्या वेळी बघा, कारण नव्यांना आधी तिथेच उतरवतात. २०१८ मध्ये आलेल्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळूनही पहिलं वर्ष खर्ची न घालता राखून ठेवता येतं, त्यामुळे कोच त्याला जपून वापरतील. दुबळ्या टीमविरुद्ध चार टचडाउनची आघाडी झाली की शेवटच्या क्वार्टरमध्ये राखीव खेळाडू उतरतात, तेव्हा त्याचा नंबर लागू शकतो.

पुण्याला परतलेल्यांसाठी: पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी १२ चा सामना भारतात रात्री साडेनऊला सुरू होतो आणि नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेदहाला. एक सामना साधारण साडेतीन तास चालतो. म्हणजे शेवटच्या क्वार्टरसाठी जागायचं तर साडेबाराच्या पुढे, नोव्हेंबरात दीडच्या पुढे. आधी पहिल्या हाफनंतरचा स्कोअर बघा; सामना अटीतटीचा असेल तर तो उतरणार नाही, तुम्ही झोपा.